जिंकणाऱ्या संघाचा माणूस

आज मी तुमच्याशी एका अशा खेळाबद्दल बोलणार आहे, जो आपल्याकडे फारसा कोणी खेळत नाही आणि जो समजून घ्यायला मलाही दोन वर्षं लागली. खेळ आहे बेसबॉल. काळजी करू नका, नियमांचा पाठ घेणार नाही. मला बोलायचंय ते मैदानाबाहेर बसून ओरडणाऱ्या माणसांबद्दल. सतत जिंकणाऱ्या संघाचे चाहते गर्विष्ठ असतात की निष्ठावान? हा प्रश्न मला पडला तो एका केरसुणीमुळे. ती गोष्ट पुढे येईलच.

१९९८ साली मी नोकरीनिमित्त अमेरिकेत न्यू जर्सीला गेलो. बरोबर आमच्या सौ. आणि चार वर्षांची लेक. आमच्या घराला लागून एक वृद्ध गृहस्थ एकटेच राहत. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत गाडी चालवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. चार नंबरची गाडी त्यांची. नाव भुयारी असलं, तरी ब्रॉन्क्स भागात ही गाडी जमिनीच्या वरून, लोखंडी पुलावरून जाते आणि ज्या स्टेशनावर थांबते तिथंच यांकी स्टेडियम आहे. जुनं स्टेडियम होतं तेव्हा गाडीतून क्षणभर आतलं हिरवं मैदान दिसायचं. आजोबा सांगत, "मला पगारही मिळायचा आणि दर्शनही." त्यांना आम्ही 'आजोबा'च म्हणायचो. लेकीनं सुरुवात केली आणि 'आजोबा' म्हणजे मराठीत 'मिस्टर' अशी त्यांची बरेच दिवस समजूत होती.

आजोबा न्यूयॉर्क यांकीज या संघाचे भक्त होते. यांकीज म्हणजे काय, हे आपल्या मुंबईकरांना पटकन कळेल. आपल्या रणजी करंडकात मुंबईचं जे स्थान, तेच तिकडे यांकीजचं. त्यांनी जागतिक मालिका, म्हणजे वर्ल्ड सीरीज, आजवर २७ वेळा जिंकली आहे. दुसऱ्या क्रमांकावर सेंट लुईसचा संघ आहे, त्यांची विजेतेपदं ११. मधलं अंतर बघा. १९४९ ते १९५३ अशी लागोपाठ पाच वर्षं यांकीजच जिंकले. बेब रुथ, लू गेहरिग, जो डिमॅजिओ, मिकी मँटल ही सगळी नावं याच संघाची.

आम्ही गेलो ते वर्ष तर त्यांच्या भरभराटीचं. तिकडे एका हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, जवळजवळ रोज एक. १९९८ मध्ये त्यातले ११४ यांकीजनी जिंकले आणि वर्ल्ड सीरीजही एकही सामना न हरता खिशात घातली. १९९९ मध्ये पुन्हा तेच. २००० मध्ये पुन्हा विजेते, आणि तेही न्यूयॉर्कच्याच मेट्स संघाला हरवून. सलग तीन वर्षं शेजारच्या ओसरीवरून मला एकच प्रश्न विचारला जाई. "काय, काल रात्री बघितलंस ना?" त्या प्रश्नात प्रश्न नसायचाच. 'आमच्याशिवाय दुसरं बघण्यासारखं आहे काय?' असा तो सूर.

खरं सांगायचं तर मला त्या सुराचा राग यायचा. मी नवीन माणूस. ऑफिसात माझं इंग्रजी लोकांना कळत नाही, बर्फातून गाडी काढता येत नाही, आणि इकडे हा म्हातारा रोज जिंकतोय! मग मी एक सोपा मार्ग धरला. यांकीजविरुद्ध जो कोणी खेळेल, तो माझा संघ.

या पंथात मी एकटा नव्हतो. अमेरिकेत यांकीजचा द्वेष करणं ही एक जुनी परंपराच आहे. १९५५ साली ब्रॉडवेवर 'डॅम यांकीज' नावाचं संगीत नाटक आलं. त्यातला नायक या संघाला एकदा हरलेलं बघायला मिळावं म्हणून चक्क सैतानाला आपला आत्मा विकतो. ब्रुकलिनच्या डॉजर्सनी १९४१ पासून १९५३ पर्यंत पाच वेळा वर्ल्ड सीरीजमध्ये यांकीजकडून मार खाल्ला. १९५५ मध्ये ते एकदाचे जिंकले आणि १९५७ चा हंगाम संपल्यावर संघच लॉस एंजेलिसला निघून गेला. बोस्टनची कथा आणखी करुण. रेड सॉक्स या त्यांच्या संघाच्या मालकानं बेब रुथला १९१९ च्या अखेरीस यांकीजना विकलं. त्याआधी १९१८ साली जिंकलेले रेड सॉक्स पुढे २००४ पर्यंत जिंकलेच नाहीत. ८६ वर्षं! रुथला विकल्याचा हा शाप आहे, असं बोस्टनमध्ये आज्या नातवंडांना सांगत.

आणि पैशाचा मुद्दा आहेच. १९७३ साली जॉर्ज स्टाइनब्रेनर यांनी काही भागीदारांसह हा संघ घेतला, सुमारे एक कोटी डॉलरना. चांगला खेळाडू दिसला की चेकबुक काढायचं, ही त्यांची रीत. १९८१ मध्ये संघ वर्ल्ड सीरीज हरला तेव्हा त्यांनी पत्रक काढून न्यूयॉर्क शहराची माफी मागितली. विचार करा, अंतिम मालिकेपर्यंत पोचल्याबद्दल माफी! जणू जिंकणं हा जन्मसिद्ध हक्क आणि हरणं हा गुन्हा. २००२ च्या डिसेंबरात बोस्टनच्या अध्यक्षांनी यांकीजना 'दुष्ट साम्राज्य' म्हटलं, तेव्हा बोस्टनवाले खूश झाले. गंमत म्हणजे न्यूयॉर्कवालेही खूश झाले. त्यांनी ती पदवीच मानली. याला गर्व नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

जिंकणाऱ्याभोवती गर्दी जमते, हेही खरं. आपल्याकडे म्हणतात ना, उगवत्या सूर्याला सगळेच नमस्कार करतात. यावर १९७६ साली रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांसह केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी सात विद्यापीठांतल्या मुलांचे कपडे पाहिले. शनिवारी कॉलेजचा फुटबॉल संघ जिंकला असेल, तर सोमवारी वर्गात कॉलेजचं नाव असलेले शर्ट जास्त दिसायचे. मग त्यांनी मुलांना फोन करून सामन्याचं काय झालं ते विचारलं. संघ जिंकला असेल तर उत्तर यायचं, 'आम्ही जिंकलो.' हरला असेल तर, 'ते हरले.' यातली आणखी एक बारीक गोष्ट मला फार बोलकी वाटते. फोनवर आधी त्या मुलांना काही माहितीचे प्रश्न विचारले होते आणि काहींना मुद्दाम सांगितलं होतं की तुम्हाला फारसं आलं नाही. ज्यांना असं हिणवलं गेलं, त्यांच्याच तोंडी 'आम्ही जिंकलो' जास्त आलं. स्वतःला कमी लेखलं गेलं की माणूस दुसऱ्याच्या विजयाचा आधार घेतो.

आता तुम्ही म्हणाल, हा अभ्यास आजोबांना लागू पडला असेल. मलाही तसंच वाटत होतं. पण २००१ साली मला पहिला धक्का बसला.

त्या वर्षी ११ सप्टेंबरला काय झालं ते सांगायला नको. आमच्या भागातून रोज कितीतरी माणसं न्यूयॉर्कला कामाला जात. त्यातली काही परत आली नाहीत. बेसबॉल आठवडाभर बंद राहिला, हंगाम लांबला आणि वर्ल्ड सीरीज थेट नोव्हेंबरात गेली. यांकीजसमोर अॅरिझोनाचा डायमंडबॅक्स हा अवघा चार वर्षांचा संघ. यांकी स्टेडियमवरचे चौथा आणि पाचवा हे दोन सामने मी आजोबांच्या घरी बसून पाहिले. दोन्ही रात्री शेवटच्या डावात दोन गडी बाद, आता संपलं असं वाटत असताना यांकीजनी चेंडू प्रेक्षकांत भिरकावून बरोबरी साधली आणि पुढे सामना जिंकला. पण माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. पाचव्या सामन्यात नवव्या डावाला यांकीज ०-२ असे मागे होते, हरत होते. आणि अचानक सगळं स्टेडियम एका खेळाडूच्या नावाचा घोष करू लागलं. पॉल ओनील. त्या हंगामानंतर तो निवृत्त होणार हे लोकांना माहीत होतं आणि या मैदानावरचा त्याचा हा शेवटचा सामना होता. धावफलकाकडे न बघता पन्नास हजार माणसं त्याला निरोप देत होती. तो उजवीकडच्या कोपऱ्यात उभा होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. मी आजोबांकडे पाहिलं. तेही पुटपुटत तेच नाव घेत होते.

ती मालिका यांकीज अखेर हरले, सातव्या सामन्यात, शेवटच्या चेंडूवर. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा ओसरीवर दिसले. मला वाटलं, तोंड लपवतील. पण रोजच्यासारखीच यांकीजची टोपी डोक्यावर. म्हणाले, "आपण हरलो. चांगले खेळलो पण हरलो." 'ते' नाही. 'आपण'.

इथं मला माझे वडील आठवले. आम्ही दादरचे. रणजीत मुंबई १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग १५ वर्षं विजेती होती, ते सगळं दादांनी पाहिलेलं. बाहेरगावचे नातेवाईक आले की दादांचा आवाज जरा चढाच लागायचा. 'खडूस' हा शब्द दुसऱ्यांनी शिवीसारखा वापरला की दादांची छाती फुगायची. पुण्याचे माझे मामा त्यांना तोंडावर गर्विष्ठ म्हणत. मे १९९१ मध्ये वानखेडेवर हरियाणाविरुद्धचा अंतिम सामना पाहायला दादा मला घेऊन गेले. मुंबईला जिंकायला ३५५ हवे होते. सचिन ९६ वर बाद झाला. वेंगसरकर १३९ वर नाबाद राहिले आणि शेवटचा गडी धावचीत झाला. ३५२! अवघ्या दोन धावांनी हरलो. वेंगसरकर मैदानावर रडले, हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. माझ्या शेजारी दादाही रडत होते. पण निघताना त्यांनी कपिलच्या संघासाठी टाळ्या वाजवल्या आणि मलाही वाजवायला लावल्या. जो माणूस तेव्हा माझ्या शेजारी होता, तोच इतकी वर्षं मला घरात चढ्या आवाजात दिसत होता. दोन्ही खरेच होते.

पण माणूस शहाणा होतो तो लगेच नाही. आता केरसुणीची गोष्ट सांगतो.

ऑक्टोबर २००४. यांकीज आणि बोस्टनचे रेड सॉक्स पुन्हा समोरासमोर. सातपैकी चार सामने जिंकेल तो वर्ल्ड सीरीजला जाणार. पहिले तीन सामने यांकीजनी जिंकले. तिसरा तर १९-८ असा, बोस्टनच्याच मैदानावर. समोरच्याला एकही सामना जिंकू दिला नाही, तर तिकडे त्याला 'स्वीप' म्हणतात, म्हणजे झाडून काढणं. म्हणून चाहते मैदानावर झाडू घेऊन येतात. रविवारी सकाळी मी पेपर घ्यायला बाहेर आलो तर आजोबांच्या दाराबाहेर लांब दांड्याचा झाडू उलटा करून ठेवलेला. मला बघून डोळे मिचकावले. "आज रात्री सफाई!"

त्या रात्री सफाई झाली नाही. शेवटच्या डावात बोस्टनच्या डेव्ह रॉबर्ट्सनं दुसरा तळ चोरला आणि सामना फिरला. बोस्टन चौथा सामना जिंकलं, मग पाचवा, सहावा. आणि २० ऑक्टोबरच्या रात्री यांकी स्टेडियमवर सातवा सामना १०-३ असा जिंकून त्यांनी यांकीजना घरी बसवलं. ०-३ अशा पिछाडीवरून सात सामन्यांची मालिका जिंकणं बेसबॉलच्या इतिहासात आधी कोणालाच जमलं नव्हतं.

मी आनंदानं वेडा झालो. सकाळी उठलो, स्वयंपाकघरातून भारतातून आणलेली शिंदीची केरसुणी घेतली, तिला लेकीची लाल रिबीन बांधली, लाल रंग बोस्टनचा म्हणून, आणि हळूच आजोबांच्या पायरीवर ठेवून आलो. सहा वर्षांचा हिशेब चुकता झाला, असं वाटलं.

सौ.ना कळल्यावर घरात महाभारत झालं. नवरात्र चालू होतं. "अहो, केरसुणी म्हणजे लक्ष्मी. नवरात्रात लक्ष्मी उचलून कुणाला चिडवायला ठेवता?" लेक दहा वर्षांची, ती तर माझ्याशी बोलेनाच. ती आजोबांच्या संगतीत पक्की यांकीजवाली झाली होती. आदल्या रात्री रडत झोपली होती, आणि मी तिचीच रिबीन वापरली होती.

संध्याकाळी आजोबा स्वतः केरसुणी घेऊन आले. रिबीन सोडून नीट घडी करून लेकीच्या हातात दिली. मग मला म्हणाले, "अभिनंदन. तुझा संघ चांगला खेळला." मी ओशाळून काहीतरी बोललो. त्यांनी विचारलं, "बोस्टनला गेला आहेस कधी?" मी म्हटलं, "नाही." "त्यांच्या तिसऱ्या तळावर कोण खेळतो?" मला सांगता येईना. तेव्हा ते जे म्हणाले, ते मी आजवर विसरलेलो नाही. "मी रविवारी झाडू ठेवला तो मूर्खपणा होता. मी पैज लावली आणि हरलो. लोकांसमोर हरलो. तू मात्र पैज लावलीच नव्हतीस. बोस्टन हरलं असतं, तर तुझं काय गेलं असतं?"

काहीही गेलं नसतं. हेच खरं होतं. बोस्टनच्या माणसानं ८६ वर्षं वाट पाहून ती केरसुणी ठेवली असती, तर तिला अर्थ होता. मी आयत्या बिळातला नागोबा. आजोबांना गर्विष्ठ म्हणत होतो आणि स्वतः मात्र कुठल्याच संघाचा नसताना त्यांच्या हरण्यावर जगत होतो. नवख्या परदेशात माझ्या मनाला जे लागलं होतं, त्याचा राग मी एका म्हाताऱ्याच्या संघावर काढत होतो. चाल्डिनींच्या त्या अभ्यासात ज्यांना हिणवलं गेलं होतं, ती मुलं 'आम्ही जिंकलो' म्हणत होती. मी 'तुम्ही हरलात' म्हणत होतो, एवढाच फरक.

मी त्यांची माफी मागितली. त्यांनी मला आत बोलावलं आणि एक कपाट उघडून दाखवलं. त्यात वह्याच वह्या. बेसबॉलचे जाणकार चाहते सामना ऐकताना प्रत्येक चेंडूची नोंद ठरावीक खुणांनी वहीत करतात. फलंदाज तीन वेळा चुकून बाद झाला तर इंग्रजी 'के' अक्षर लिहायचं, आणि तिसरा चेंडू नुसताच बघत राहून बाद झाला तर तोच 'के' उलटा काढायचा. आजोबांनी कालच्या सामन्याचं पान उघडलं. १०-३. प्रत्येक खूण जागेवर, अक्षर नेहमीइतकंच रेखीव. मी म्हटलं, "हरत असताना हे सगळं कसं लिहवतं?" म्हणाले, "हरलेला सामना लिहायचा नाही, तर वही कशाला घ्यायची?"

मग त्यांनी जुन्या वह्या काढल्या. १९६६ ची काढली. १९६० ते १९६४ अशी पाचही वर्षं वर्ल्ड सीरीज खेळलेला हा संघ १९६६ साली दहा संघांत दहावा आला होता! त्या वर्षी २२ सप्टेंबरला साठ हजारांहून जास्त माणसं मावतील अशा यांकी स्टेडियममध्ये एका सामन्याला प्रेक्षक होते ४१३. समालोचक रेड बार्बर यांनी रिकाम्या खुर्च्या टीव्हीवर दाखवायला सांगितलं, आजची बातमी हीच आहे म्हणून. ते दाखवलं गेलं नाही, आणि थोड्याच दिवसांत बार्बरना कळवण्यात आलं की तुमचा करार वाढवला जाणार नाही. आजोबा त्या दिवशी मैदानात नव्हते, कामावर होते. गाडी चालवता चालवता पुलावरून त्यांना त्या रिकाम्या खुर्च्या दिसल्या. "तेव्हा आमचा कोणी द्वेष करत नव्हतं," ते म्हणाले. "कोणी विचारतच नव्हतं." मला वाटतं, त्यांच्या मोठ्या आवाजातला निम्मा आवाज तरी त्या रिकाम्या खुर्च्यांना उत्तर होता.

अशा वर्षांची यादी त्यांच्याकडे मोठी होती. १९९० मध्ये संघ पुन्हा गटात तळाला गेला. डॉन मॅटिंग्ली या त्यांच्या लाडक्या खेळाडूची गोष्ट तर ते दर दोन महिन्यांनी सांगत. हा १९८२ मध्ये आला आणि १९९५ पर्यंत याच संघाकडून खेळला. त्याच्या अख्ख्या कारकिर्दीत यांकीज एकदाही वर्ल्ड सीरीजपर्यंत पोचले नाहीत. १९९४ मध्ये पोचतील अशी चिन्हं होती, तर खेळाडूंचा संप झाला आणि वर्ल्ड सीरीजच रद्द झाली. १९९५ नंतर तो थांबला आणि १९९६ मध्ये संघ जिंकला. "सत्तावीस विजेतेपदांच्या संघात सगळ्यात लाडका कोण, तर ज्याला एकही मिळालं नाही तो," असं आजोबा २००९ नंतर म्हणत. त्याआधी 'सव्वीस' म्हणत.

त्या केरसुणीनंतर आमचं जाणं-येणं वाढलं. एकदा ते आम्हाला जुन्या स्टेडियममध्ये घेऊन गेले, उजवीकडच्या उघड्या बाकांवर. तिथं एक प्रथा आहे. पहिल्या डावात ही मंडळी क्षेत्ररक्षण करणाऱ्या एकेका खेळाडूचं नाव घेऊन ओरडतात आणि तो हात करेपर्यंत थांबत नाहीत. शाळेतल्या हजेरीसारखं. लेकीला फार मजा वाटली. पण त्याच बाकांवर पाहुण्या संघाची टोपी घालून आलेल्या एका बापलेकांना काही टगे इतकं घाणेरडं बोलले, की त्यांना जागा सोडावी लागली. पोरगा सहा-सात वर्षांचा असेल. आजोबा उठून त्या टग्यांना म्हणाले, "त्याचा बाप त्याच्या संघाबरोबर इतक्या लांब आलाय. तुम्ही जाल का?" ते हसले. आजोबा खाली बसले ते सामना संपेपर्यंत गप्पच होते. त्या दिवशी यांकीज जिंकले, तरी परतताना गाडीत कोणी बोललं नाही.

म्हणून श्रोतेहो, यांकीजचे चाहते गर्विष्ठ नाहीत, असं प्रशस्तिपत्र मी देणार नाही. त्यांच्यात गर्विष्ठ भरपूर आहेत. पण गर्व कुठला आणि निष्ठा कुठली, हे जिंकलेल्या दिवशी ओळखता येत नाही. त्या दिवशी दोघांचा आवाज सारखाच असतो, टोपीही सारखीच असते. हरल्यावर टोपी कुठे जाते, ते बघावं लागतं. आणि आपल्याच माणसानं लाज आणली, तर तेव्हा 'आम्ही' म्हणायचं धाडस होतं का, तेही.

२००९ मध्ये नव्या स्टेडियमच्या पहिल्याच वर्षी यांकीज पुन्हा जिंकले. आजोबांची तब्येत तेव्हा ढासळली होती. त्यांनी सामना रेडिओवर ऐकला आणि वही मात्र लेकीनं लिहिली, त्यांच्या सांगण्यावरून. पुढच्या हिवाळ्यानंतर आजोबा गेले. वह्या लेकीच्या नावे ठेवल्या होत्या. २०१२ साली आम्ही दोघं पुण्याला परतलो. लेक तिकडेच शिकली, तिकडेच नोकरीला लागली. वह्या तिच्याकडे आहेत.

त्यानंतर २०२५ चा हंगाम संपेपर्यंत यांकीजना एकही वर्ल्ड सीरीज जिंकता आलेली नाही. आज पंधरा वर्षांचा असलेला त्यांचा चाहता विजेतेपदाबद्दल फक्त ऐकून आहे. चेकबुकाचा, गर्वाचा आरोप आता लॉस एंजेलिसच्या डॉजर्सवर होतो. तेच डॉजर्स, जे एके काळी ब्रुकलिनमधले बिचारे होते. २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं ते विजेते ठरले. म्हणजे गर्विष्ठपणाची टोपीही एका डोक्यावर कायम राहत नाही.

२०२४ ची वर्ल्ड सीरीज डॉजर्स आणि यांकीज यांच्यातच झाली. चौथ्या सामन्यात यांकी स्टेडियमवर डॉजर्सचा मूकी बेट्स सीमेजवळ झेल घ्यायला उडाला, तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोन यांकीज चाहत्यांनी त्याचा हातमोजा धरून ओढला, मनगट पकडलं. त्यांना बाहेर काढण्यात आलं. तो सामना यांकीज ११-४ असा जिंकले. दुसऱ्या दिवशी पाचव्या सामन्यात ५-० अशी आघाडी असताना एकाच डावात एकामागून एक चुका करून त्यांनी ती घालवली आणि ७-६ असे हरले. मालिकाही गेली.

आपल्याकडे तेव्हा ३१ ऑक्टोबरची सकाळ होती. दिवाळीची पहिली आंघोळ उरकून आम्ही फराळाला बसलो होतो, तेवढ्यात लेकीचा मोबाइलवर संदेश आला. सोबत वहीच्या पानाचा फोटो होता. शेवटचा गडी बाद झाल्याची खूण नीट काढलेली. खाली मराठीत लिहिलं होतं, "बाबा, आपण हरलो. आणि परवा बेट्सशी आपण फार वाईट वागलो. आजोबा असते तर कुणाशी बोलले नसते."

ते दोन टगे कोण, कुठले, हे तिला माहीतही नव्हतं. 'त्यांनी' असं लिहून ती मोकळी होऊ शकली असती. तिनं 'आपण' लिहिलं. मी फोन सौ.च्या हातात दिला. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "उद्या लक्ष्मीपूजन आहे. नवी केरसुणी आणायची राहिलीय. जाऊन घेऊन या. आणि सरळ घरीच आणा!"



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)